आयरिस कॉर्डवेल आणि सशाचा पाय

“हा जपून ठेवायचा नाही, मुली. वापरायचा. आणि आपली वेळ संपत आली की पुढे द्यायचा. कुणाला, ते तुझं तुला कळेल.”

आवाज खर्जातला होता, सिगारेटने खरवडलेला. प्रबोध राजवाडेने दचकून दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. तो आवाज समोर सोफ्यावर बसलेल्या, चिमणीएवढ्या गोऱ्या बाईंच्या तोंडून आला होता.

“मिस पेल अशा बोलायच्या,” बाई आपल्या मूळच्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. “त्यांना जाऊन किती वर्षं झाली! पण रोज मेकअपला बसले की हा आवाज येतो. आज मात्र आवाज येतोय आणि हात रिकामा आहे.”

जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमधली पुढची खोली हेच क्षिप्रा राजवाडेचं ऑफिस. भिंतीवर खासगी तपासनीसाचा परवाना आणि शेजारी दत्ताची तसबीर. बँकेत घोटाळे शोधण्याची नोकरी सोडून क्षिप्राने हे काम सुरू केलं, तेव्हा धाकटा दीर प्रबोधही आयटीतल्या मॅनेजरकीला रामराम ठोकून तिच्या मदतीला आला. गाडी तो चालवी, वह्या तो सांभाळी. आपण नसतो तर वहिनींचं कसं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटे, आणि वहिनींनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

“सावकाश सांगा, आयरिसबाई,” क्षिप्रा हलक्या आवाजात म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे.

आयरिस कॉर्डवेल हे नाव सिंगापूरच्या नाट्यवेड्यांना नवं नव्हतं. वडील सेम्बावांगच्या गोदीत कामाला, तिथल्याच वसाहतीत जन्म. शाळकरी वयात त्या इंग्लंडला गेल्या आणि समुद्रकाठच्या एका गावात, दर आठवड्याला नवं नाटक लावणाऱ्या कंपनीत दाखल झाल्या. दिवसा पुढच्या आठवड्याचं पाठांतर, रात्री या आठवड्याचा प्रयोग. पहिली भूमिका चहाचा ट्रे आणणाऱ्या मोलकरणीची, एका वाक्याची.

“आणि ते वाक्यही मी विसरले,” बाई हसल्या. “मिस पेल त्या नाटकातल्या राणी. त्यांनी ट्रे घेतला, माझं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं आणि विंगेत येऊन माझ्या गालावर या सशाच्या पायाने लाली फिरवली. म्हणाल्या, ‘उद्या तू म्हणशील.’ दुसऱ्या दिवशी मी म्हटलं.”

जुन्या काळी नटनट्या गालाला लाली लावायला वाळवलेला सशाचा पाय वापरत. लव मऊ, रंग सारखा बसे. मिस पेलना तो त्यांच्या गुरूने दिला होता, त्या गुरूंना त्यांच्या गुरूने. मिस पेलनी जाताना तो आयरिसच्या हातात ठेवला. मग लंडन झालं. राण्या, विधवा, विष घालणाऱ्या सासवा झाल्या. सिनेमे आले.

“आणि टीव्ही! टीव्हीवर माझे इतके खून झाले की माझ्या बहिणीने रडणं सोडून दिलं. पण या पायाला हात लावल्याशिवाय मी एकदाही प्रेक्षकांसमोर गेले नाही.”

सत्तरी जवळ आल्यावर बाई जन्मगावी परतल्या आणि बुकित बातोकच्या एका हॉलमध्ये मुलांना नाटक शिकवू लागल्या. आज संध्याकाळी त्यांचा शेवटचा प्रयोग होता. प्रयोगानंतर, सगळ्यांच्या देखत, बाई सशाचा पाय गार्गीला देणार होत्या. गार्गी त्यांची शिष्या. तिला लंडनच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळाला होता.

“काल रंगीत तालीम झाली. सुरुवातीला मी पाय वापरला, डबीत ठेवला. तालीम संपवून खोलीत आले तर ही डबी अशी.”

त्यांनी पर्समधून चांदीची गोल डबी काढली. आत पांढऱ्या कापसाची गादी होती. गादीवर काही नव्हतं.

प्रबोधने भिंग घेऊन पाहणी केली. कापसावर एक पिवळट डाग होता, आणि एक बारीक तंतू चिकटला होता. एका बाजूने हिरवा दिसे, कलता केला की निळा.

“मेकअपची पावडर,” तो ठामपणे म्हणाला. “आणि हा कुठल्यातरी रेशमाचा धागा.”

क्षिप्राने डबी नाकाजवळ नेली, मग खाली ठेवली.

“चोराने चांदी ठेवली आणि पाय नेला,” ती म्हणाली. “खोलीत कोण कोण गेलं होतं?”

“मी आणि गार्गी पूर्ण वेळ रंगमंचावर होतो. आधी गार्गीची आजी गेली, सुरेखाबाई. मध्यंतरात सौमित्र, माझा स्टेज मॅनेजर. मध्यंतरात प्रत्येक वस्तू स्वतः उघडून बघायची ही शिस्त मीच त्याला लावली. आणि शेवटी अदिती. माझी सगळ्यात जुनी शिष्या.” बाई थबकल्या. “पाय आपल्याला मिळेल असं अदितीला वाटत होतं.”

“हं!” प्रबोध पुढे सरकला.

“माझे नियम सगळ्यांना ठाऊक आहेत. नाट्यगृहात शिट्टी नाही. प्रयोगाआधी फुलं नाहीत. मोर नाही, मोराचं चित्रसुद्धा नाही. इंग्लंडच्या रंगभूमीवर तो फार अशुभ. एका नाटकात कुणीतरी मोरपिसांचा पंखा आणला आणि त्याच रात्री आमची नायिका जिन्यावरून पडली. गार्गीची आजची साडीसुद्धा मी त्यासाठीच बदलायला लावली. पदरावर मोर होते. बिचाऱ्या सौमित्रला निरोप घेऊन पाठवलं. आजींना इंग्रजी येत नाही, मला मराठी येत नाही.”

त्या उठल्या. काठी जमिनीवर टेकवली.

“सगळे मला हट्टी म्हातारी म्हणतील. म्हणू देत. पाय मिळाला नाही, तर मी आज उभी राहणार नाही. मिस पेलना मी शब्द दिलाय. तो मोडून टाळ्या घ्यायला मला जमणार नाही.”

*

नाट्यगृह जवळच, जुरोंग ईस्टमध्येच होतं. अदिती रंगमंचाच्या पायऱ्यांवर बसून कॉफी पीत होती. जन्म इथलाच, शाळा इथलीच. मराठी कळे, पण तोंडात इंग्रजी आणि वाक्याच्या शेवटी सिंगापुरी ‘लाह’.

“आंटी, मला तो हवा होता. सो व्हॉट लाह? सगळ्यांना माहितीये. हवा होता म्हणून मी चोर?”

“तू खोलीत कशाला गेली होतीस?” क्षिप्राने विचारलं.

“सेफ्टी पिन. डबी टेबलावर होती. झाकण बंद.”

“उघडलं नाहीस?” प्रबोधने डोळे बारीक केले.

अदितीने त्याच्याकडे सरळ पाहिलं. “नाही, अंकल. उघडलं असतं तर घ्यावासा वाटला असता.” मग तिचा स्वर उतरला. “रागावले होते मी. पण काल गार्गीला रंगमंचावर बघितलं. शी इज जस्ट बेटर. मला ते कळतं. आजींना विचारा ना. मेलेल्या प्राण्याचा पाय म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं होतं.”

सौमित्र विंगेतल्या टेबलाशी होता. पुण्याचा इंजिनिअर, दिवसा नोकरी, संध्याकाळी नाटक. बाईंच्या नाटकांत सुरू असलेली तीन घंटांची पद्धत त्यानेच आणलेली. तो खाली वाकून एक वायर जमिनीला चिकटवत होता. चिकटपट्टी कापायला उठून टेबलाच्या ड्रॉवरमधून कात्री काढी, परत ठेवी, परत वाके.

“काय विचारायचंय ते विचारा. पण शुभ-अशुभ मला सांगू नका, ताई. हे थोतांड मी पुण्यात सोडून आलो. बाईंसाठी नियम पाळतो, कारण बाई ग्रेट आहेत.”

“मध्यंतरात डबी उघडलीत?”

“उघडली.”

“पाय होता?”

“होता. शपथेवर सांगतो.”

शपथ ऐकून क्षिप्रा किंचित हसली.

प्रबोधला ओली छत्री टांगायची होती. टेबलाच्या वर, डोक्यापेक्षा उंच, एकच आकडा होता आणि त्यावर सौमित्रचा हत्यारांचा पट्टा लटकत होता. प्रबोधने तो काढायला हात वर केला.

“काका, ते तिथेच राहू द्या!”

आवाज इतका तीक्ष्ण होता की प्रबोधच्या हातातली छत्री पडली. “खाली ओलं आहे,” सौमित्र ओशाळून म्हणाला. “छत्री इकडे द्या, मी ठेवतो.”

बाहेर आल्यावर प्रबोध फुरफुरत म्हणाला, “वहिनी, सरळ आहे. मध्यंतरात पाय होता. त्यानंतर अदितीच आत गेली. गोड बोलली, पण तीच.”

“सौमित्र खरं बोलला, भावोजी.”

“म्हणजे अदितीच ना?”

“अदितीही खरं बोलली. चला, बुकित बातोकला आजींकडे जाऊ. आणि माझा रोजचा पाठ राहिलाय.”

*

सुरेखा आजींचा फ्लॅट दहाव्या मजल्यावर होता. दारात रांगोळीचं स्टिकर होतं, आत खऱ्या रांगोळीचं छोटंसं गोपद्म. आजींनी चहा टाकला, पण क्षिप्राने हात जोडले.

“पाठ झाल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही. तुमच्या देवापुढे बसू का थोडी?”

आजींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघण्यासारखं होतं. त्यांनी पाट मांडला, निरांजन लावलं. क्षिप्रा डोळे मिटून पुटपुटत राहिली आणि प्रबोध मागे अवघडून उभा राहिला. देवघर लहान पण झकास होतं. तबकात हळदकुंकवाची कोयरी, लाल-पिवळ्या दोऱ्याचं बंडल. मधोमध बाळकृष्ण. केवढासा तो, मुकुट मात्र मोठ्या राजासारखा. आणि मुकुटाच्या मागे बारीकसं रिकामं भोक. जुनी मूर्ती दिसतेय, प्रबोधच्या मनात आलं.

चहा घेताना त्याने थेटच विचारलं, “आजी, तो सशाचा पाय तुम्हाला आवडत नव्हता म्हणे?”

“पहिल्यांदा शिसारी आली, खोटं कशाला बोलू? मग गार्गीने त्याची गोष्ट सांगितली. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला. आपल्याकडेही मृगाजिनावर बसून जप करतातच की. ज्याच्यावर एवढ्या बायकांनी आयुष्य ओतलं, त्याची कसली शिसारी?” त्यांनी पदराने कप पुसला. “काल मुद्दाम गेले. हळदकुंकू लावलं, जे वाहायचं ते वाहिलं, नमस्कार करून बाहेर आले. पाय होता तेव्हा. नंतर गेला म्हणतात. माझ्या पोरीच्या नशिबाला कुणाची दृष्ट लागली?”

“आणि साडी?” क्षिप्राने विचारलं.

आजींनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “माझ्या लग्नातली पैठणी. तीच नेसून गार्गीने बाईंच्या हातून पाय घ्यावा असं वाटत होतं. सौमित्र आला, म्हणाला, जरीवर दिवे चमकतात, प्रेक्षकांचे डोळे दिपतात. असेल बाई. मला त्यातलं काय कळतं? गार्गीला साधी इरकल काढून दिली.”

क्षिप्राने कप खाली ठेवला.

“आजी, संध्याकाळी थोड्या लवकर या. नाट्यगृहात तुमचं काम आहे.”

*

प्रयोगाची वेळ जवळ आली होती. बाहेर लोक जमत होते. आयरिसबाई मेकअप रूममध्ये राणीच्या पोशाखात बसल्या होत्या, पण गाल कोरे होते. गार्गी त्यांच्या पायाशी बसली होती. दाराशी अदिती, कोपऱ्यात आजी. सौमित्र आत यायला तयार नव्हता. क्षिप्राने त्याला हत्यारांचा पट्टा घेऊन यायला सांगितलं, तेव्हा उतरलेल्या चेहऱ्याने तो आला.

“पायाबद्दल या खोलीत कुणीही खोटं बोललेलं नाही,” क्षिप्राने सुरुवात केली. “पण पूर्ण कुणीच बोललं नाही.”

ती मराठीत बोले आणि गार्गी बाईंना इंग्रजीत सांगे.

“चांदी सोडून पाय नेणारा चोर पैशासाठी आलेला नव्हता. डबीत डाग होता तो हळदीचा. वास अजून आहे. आजींनी तो लपवला नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आमच्या कानावरून गेली. हळदकुंकू ‘लावलं’, आणि ‘जे वाहायचं ते वाहिलं’. काय वाहिलं? डबीत एक तंतू होता, कधी हिरवा, कधी निळा.”

“रेशीम,” प्रबोध म्हणाला.

“भावोजी, आजींच्या बाळकृष्णाच्या मुकुटाला भोक होतं. तिथे काय असतं?”

प्रबोधने कपाळावर हात मारला. “मोरपीस!”

गार्गीने त्या शब्दाचं भाषांतर केलं आणि आयरिसबाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला.

“आजींनी आपल्या देवाच्या डोक्यावरचं पीस काढून नातीच्या भाग्याला वाहिलं. नुसतं ठेवलं असतं तर काढणाऱ्याने पीस काढलं असतं आणि पाय राहिला असता. दोन्ही गेले, म्हणजे दोन्ही एकत्र बांधलेले होते. देवघरात लाल-पिवळा दोरा होता. बरोबर ना, आजी?”

आजींनी घाबरून मान हलवली. “बांधलं. सुटू नये म्हणून. त्यात चुकलं का काही?”

“आजींना मोराचा नियम माहीत नव्हता. बाईंनी कारण सांगितलं होतं, पण आजींपर्यंत पोचताना ते जरीवरच्या दिव्यांचं झालं. निरोप्याला एका म्हातारीचं मन मोडवेना. म्हणजे बाईंची भीती आणि आजींचं अज्ञान, दोन्ही ठाऊक असलेला माणूस एकच.” क्षिप्रा वळली. “सौमित्र, तुम्ही शपथेवर म्हणालात की मध्यंतरात पाय होता. मग त्याला बांधलेलं पीसही तुम्ही पाहिलंच असणार. ते तुम्ही गाळलंत. ज्याने काही घेतलं नाही तो ते का गाळेल?”

सौमित्रने पट्टा छातीशी धरला.

“अदितीने पाहिलं असतं तर आरडाओरडा झाला असता. तुम्ही गप्प राहिलात. बाई आणि आजी, दोघींना वाचवायचं होतं.”

“मग दोरा कापून पीस तेवढं का नाही काढलं?” अदितीने विचारलं. “कात्री तर तुझ्या पट्ट्यात असते!”

“तेच,” क्षिप्रा म्हणाली. “आज त्याने पट्ट्यातली कात्री वापरलीच नाही. दर वेळी उठून ड्रॉवरमधली घेत होता. पट्ट्याला हात लावायचा नव्हता. आणि तो पट्टा, जो एरवी कमरेला असतो, तो आज सगळ्यांच्या डोक्यापेक्षा उंच टांगलेला. भावोजींना तो खालीही ठेवू दिला नाही. पुण्यात थोतांड सोडून आलेल्या माणसाला देवाला वाहिलेलं पीस जमिनीजवळ ठेवता आलं नाही, आणि आजीने बांधलेली गाठ कापता आली नाही.”

सौमित्रचे डोळे भरले. “कात्री लावली होती, ताई. हात चालेना. गाठ सोडवायला गेलो, तर हळदीने घट्ट बसलेली. तेवढ्यात बाईंनी रंगमंचावरून हाक मारली. रात्री सोडवून गुपचूप ठेवणार होतो, पण तोवर ओरडा झाला. खरं सांगितलं असतं तर आजींचा आशीर्वाद अपशकुन ठरला असता, आणि बाईंनी त्या पायाला पुन्हा हात लावला नसता.” तो अदितीकडे वळला. “तुझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. सॉरी.”

“स्टुपिड,” अदिती म्हणाली, पण तिने त्याला रुमाल दिला.

त्याने पट्ट्याचा खण उघडला. सशाचा पाय बाहेर आला. त्याला बिलगून, लाल-पिवळ्या दोऱ्यात, बोटभर मोरपीस. दिव्याखाली त्याचा डोळा चमकला. आयरिसबाईंनी मान वळवली.

“तो डोळा आहे,” त्या पुटपुटल्या. “विंगेतून बघणारा वाईट डोळा. मिस पेल म्हणायच्या.”

गार्गीने आजीला सांगितलं. आजी पुढे आल्या. इतका वेळ अंग चोरून बसलेली ती बाई सरळ उभी राहिली.

“सांग त्यांना, डोळाच आहे तो. म्हणूनच बांधला. माझी पोर एवढ्या लांब चालली. तिथे मी नसणार, त्या नसणार. कुणीतरी तिच्याकडे बघत राहायला हवं ना?”

गार्गीला ते वाक्य इंग्रजीत नीट पुरं करता आलं नाही. पण आयरिसबाईंनी आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचले होते.

त्यांनी मोरपिसाकडे पुन्हा पाहिलं. मग त्या हसू लागल्या, आधी हळू, मग राणीसारख्या, खोली भरून.

“सगळं आयुष्य मी दिव्यात उभी राहून म्हटलं, माझ्याकडे बघा. चहाचा ट्रे धरला तेव्हापासून! आणि आज एका डोळ्याला घाबरू?” त्यांनी बोट उचललं. “पण मिस पेलचा नियम मिस पेलचा. पीस रंगमंचावर येणार नाही. ते पहिल्या रांगेत बसेल, आजींच्या हातात. प्रेक्षकांत डोळ्यांना बंदी नाही. आणि गार्गी, ही साडी बदल.”

“पैठणी? पण मोर…”

“पदर आत खोचायला येतो ना तुला? मोरांना सांग, बाहेर डोकवायचं नाही.”

आधी प्रबोध हसला आणि मग सगळेच हसले. अदिती पिना शोधायला धावली. पैठणी आजींच्या पिशवीत होतीच. कशाला आणली, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

गाठ मात्र आजींनीच सोडवली. बोटांना जरा पाणी लावून, तोंडाने काहीतरी म्हणत. बांधणारीच्या हाताला ती लगेच सुटली. पाय त्यांनी आयरिसबाईंच्या ओंजळीत ठेवला आणि त्यांच्या कपाळाकडे बोट नेऊन विचारल्यासारखं पाहिलं. बाईंनी मान पुढे केली. इंग्लंडच्या राणीच्या कपाळावर हळदकुंकू लागलं.

“पुसू का?” सौमित्रने विचारलं.

“हात तर लावून बघ,” बाई म्हणाल्या.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. लोक जागेवर बसल्याची कुजबुज आत येऊ लागली. प्रबोध क्षिप्राच्या कानाशी लागला, “वहिनी, मुकुटाचं भोक मीही पाहिलं होतं बरं का!”

“पाहिलंत ना, भावोजी. तुम्ही नसता तर गाडी कुणी चालवली असती?” ती म्हणाली, आणि आजींचा हात धरून पहिल्या रांगेकडे निघाली.

प्रबोध दारात रेंगाळला. आयरिसबाई आरशासमोर एकट्या होत्या. सशाचा पाय त्यांनी लालीत बुडवला, एका गालावर फिरवला, दुसऱ्या गालावर फिरवला. ओठ हलले, आवाज आला नाही, पण कुणाला उत्तर दिलं ते त्याला कळलं.

चांदीची डबी त्यांनी बंद केली आणि टेबलावरच राहू दिली. काठी खुर्चीला टेकवली. पाय मुठीत घट्ट धरून, कुणालाही हाक न मारता, त्या विंगेच्या अंधाराकडे चालू लागल्या. तिथे मोर पदरात लपवून एक मुलगी उभी होती.